घरातल्या कुणाशी तरी

दादरच्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये सरांनी गृहपाठ दिला होता: रोज एका चालू विषयावर घरातल्या कुणाशी तरी इंग्रजीतून बोलायचं. सुभद्राबाईंच्या घरात होतं कोण? परळची चाळ पाडून टॉवर झाला, त्यांना विसाव्या मजल्यावर घर मिळालं आणि शेजारचं दार कधी उघडं दिसेना. मग त्या क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे फोन घेऊ लागल्या. पण ते लोक दोन वाक्यांतच कंटाळून फोन ठेवायचे.

आजचा विषय होता रीडेव्हलपमेंट.

"चाळ, ऑल डोअर ओपन," त्या फोनवरच्या मुलीला सांगत होत्या. "टॉवर, ऑल डोअर क्लोज. संडे आय मेक घावणे. टू मच घावणे. हू विल ईट?"



"मॅडम, तुम्हाला कार्ड नकोय ना?" मुलीनं चक्क मराठीत विचारलं.

सुभद्राबाई ओशाळल्या. "नको गं. क्लासचा गृहपाठ आहे. ठेव तू फोन."

मुलीनं फोन ठेवला नाही.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मराठीत बोललात तरी चालेल."