सुजलेले डोळे

"तुला माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं नाही," ताई म्हणाली. "कळलं तर तो स्टुडिओत पाऊल ठेवणार नाही."

ड्रमर ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसला होता. सकाळपासून सहा शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून ब्रेकवरचा पाय आखडला होता. समोर जुन्या मित्राची थोरली बहीण. चौदा वर्षांनी.

"कावळ्याला झालंय तरी काय?"

"रिपोर्ट वाईट आलेत. जास्त विचारू नकोस." ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, त्यामुळे अशा बाबतीत तिचा शब्द म्हणजे डॉक्टरचाच. "एक अल्बम राहिलाय त्याच्या मनात. तुझ्याशिवाय करणार नाही."

"असं तो म्हणाला?"

"तोंडाने म्हणेल का तो?"

कावळा हा गायक. आवाजामुळे हे नाव पडलं आणि त्याच आवाजावर ‘सुजलेले डोळे’ हा त्यांचा बँड चालला. वेगवान गिटार, धडाधड ड्रम आणि वर ओरडून सांगितलेलं दुःख: सोडून गेलेल्या मुली, समजून न घेणारी घरची माणसं. पोरं रडत रडत नाचायची. मग ड्रमरचं लग्न झालं, त्याने एक दौरा टाळला, आणि कावळ्याने भर कार्यक्रमात माइकवरून जाहीर केलं की आमचा ड्रमर बायकोच्या पदराआड लपलाय. तेव्हापासून बोलणं बंद.

रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार ठरलं, कारण तेवढा वेळ ड्रायव्हिंग स्कूल बंद असायचं. बास वाजवणारा लांब राहत होता, त्याने आपला भाग घरूनच पाठवला.

"आलास?" कावळा म्हणाला. केस पांढरे, पोट सुटलेलं.

"आलो."

ड्रमरने मोठा ड्रम गाडीतून काढला, तोच कावळ्याने तो हातातून घेतला. "राहू दे. मी नेतो."

मरायला टेकलेला माणूस माझा ड्रम उचलतोय, असं ड्रमरच्या मनात आलं आणि त्याला खाली बघावं लागलं.

काम रखडत चाललं. ड्रमरचे खांदे दोन गाण्यांत भरून यायचे. पूर्वी एक ठोका चुकला तरी कावळा अंगावर यायचा. आता म्हणायचा, "हळू घे. कसली घाई आहे?" त्याचा सूर घसरला की ड्रमरही म्हणायचा, "छान झालं, पुढे चल." एकमेकांच्या या गोडव्याचा दोघांनाही कंटाळा येऊ लागला होता.

"त्रेचाळिसाव्या वर्षी ‘मला कोणी समजून घेत नाही’ असं गायची लाज वाटते," कावळा एकदा म्हणाला.

"घेतं का पण कोणी?"

"नाही."

"मग गा."

ताई बऱ्याचदा थर्मास घेऊन यायची आणि शाल गुंडाळून कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसायची. बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "ड्रमच्या आवाजात झोपणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय."

"दुकानात दिवसभर उभी असते," कावळा म्हणाला. "आणि लहानपणी हा तिच्याच स्वयंपाकघरात डबे बडवायचा. सवय आहे तिला."

तिसऱ्या आठवड्यात ड्रमर त्याला जेवायला घरी घेऊन गेला. बायकोने आधी तोंड फिरवलं. कावळा उंबऱ्यातच म्हणाला, "वहिनी, तेव्हा मी गाढवासारखा बोललो." ती पानं घ्यायला आत गेली. पण जेवताना त्याने नको म्हटलं तरी त्याला पुन्हा वाढलं. मग दर गुरुवारी तो येऊ लागला.

ताईला हे कळलं तेव्हा ती ड्रमरला म्हणाली, "अल्बम संपला तरी बोलावत जा रे त्याला."

"किती दिवस, ताई?"

"होतील तितके."

शेवटचं गाणं झालं त्या आठवड्यात ती आली नाही. दुकानात मालाची मोजदाद आहे, असं कावळा म्हणाला. त्या गाण्यात दोनच ओळी पुन्हा पुन्हा होत्या: सगळ्यांच्या घरी दिवे लागले, मी अजून बाहेरच आहे. कावळा त्या एकदाही सुरात गायला नाही, आणि पुन्हा घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही.

अल्बम आला त्या दुपारी ड्रमर त्याला शिकवण्याच्या गाडीतून घरी सोडायला निघाला. दोघेही दमलेले. एका सिग्नलला ड्रमरला राहवलं नाही.

"आता उपचाराचं मनावर घे. ताईने मला सांगितलंय सगळं."

कावळ्याने मान वळवली. "माझ्या उपचाराचं?"

"हे बघ, लपवू नकोस."

"लपवतोयस तू. ताई म्हणाली, तुझे रिपोर्ट वाईट आहेत. म्हणून तर आलो. नाहीतर तुझं तोंड पाहिलं नसतं मी."

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न देत राहिली.

"मला काही झालेलं नाही," ड्रमर म्हणाला.

"मलाही नाही."

आधी कावळा हसला. मग ड्रमरही हसला, इतका की गाडी कडेला घ्यावी लागली. दोन महिने दोघांनी एकमेकांना काचेच्या भांड्यासारखं जपलं होतं.

"त्या ड्रमने माझी कंबर गेली," डोळे पुसत कावळा म्हणाला. "चल, तिला जाब विचारू. दुकानातच असेल."

दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर एक नवीनच मुलगी होती. आतून मालक बाहेर आला. त्याने कावळ्याला ओळखलं.

"ताईंना बोलावता का जरा?" हसू आवरत कावळा म्हणाला.

मालकाने हातातली बिलं खाली ठेवली.

"त्यांनी तर दोन महिन्यांपूर्वीच काम सोडलं," तो म्हणाला. "केमो झेपतेय ना त्यांना?"