रडके सिनेमे

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून अबोली काढता काढता शेजारच्या सुमतीकाकी म्हणाल्या, "काय गो नंदिनी, काल परत कॉमेडी लावलेली? आमच्या खळ्यात आवाज. बरो होतो काय सिनेमा?"

एरवी सिनेमाचा विषय निघाला की नंदिनीची कळी खुलायची. कणकवलीला जाऊन पाहिलेल्या बापलेकीच्या सिनेमाबद्दल ती काकींशी परवाच केवढं बोलली होती. आज मात्र तिने ओढणी खांद्यावर ओढून घेतली.

"माका कॉमेडी आवडणा नाय, काकी. रडकेच सिनेमे बरे. मधीमधी सगळां शांत असता त्यांच्यात."

"अगो, तुझ्या वयार रडूक कित्याक होया? तुझो घोव बघ, दमान येता तरी हसूक बसता. नशीब काढलंस तू."

तेवढ्यात गिरीशची मोटरसायकल अंगणात थांबली. कुणाकडे न बघता तो तडक आत गेला. नंदिनी जागच्या जागी उभी राहिली. आज तो काय लावतो, एवढंच ती जीव मुठीत धरून ऐकत होती. बातम्या चालतील, भजन चालेल, काहीही चालेल.

आतून हसण्याचा गडगडाट सुरू झाला.

"इली बघ तुझी कॉमेडी," काकी हसत म्हणाल्या. "जा, वाट बघता तो."

नंदिनी आत गेली.



गिरीशने दाराला कडी घातली, टीव्हीचा आवाज आणखी वाढवला आणि कमरेचा पट्टा सोडून हाताला गुंडाळला.