चुलीवरचा हात

नगरपालिकेने संग्रहालयाचा खर्च बंद केला, तेव्हा नगराध्यक्ष शालनताई फरांदे शिपायाला कुलूप घ्यायला सांगूनच आल्या.

"ताई, एकदा हा हातमोजा घालून बघा," संग्रहालय सांभाळणाऱ्या मृदुला हिंगमिरे म्हणाल्या. मातीत राहून गेलेला स्पर्श हा मोजा जसाच्या तसा परत देई.

"आटपा लवकर," म्हणत शालनताईंनी मोजा चढवला आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीवरच्या हाताच्या चिमुकल्या ठशावर हात टेकवला.

तोच त्यांच्या हातावर वरून एका बाईचा ओला, खरबरीत तळवा आला. त्यांची बोटं धरून तो सावकाश चूल लिंपू लागला. एकदा त्यांचा हात घसरला, तेव्हा त्याने तो हलकेच सावरला.

शालनताईंनी हात काढला नाही.

दारातून शिपायाने विचारलं, "कुलूप लावू का?"

"जा तू," त्या पुटपुटल्या. "ही मला अजून शिकवतेय."