वरचा दात

केकचा पहिलाच घास घेतला आणि वहिनींच्या वरच्या दाताची कॅप केकमध्येच राहिली.

मुहूर्तही काय साधला होता त्या कॅपने! धाकट्या दिराच्या दातांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन. फीत नुकतीच कापून झाली होती, पाहुणे कागदी बश्या घेऊन नव्या खुर्चीभोवती उभे होते, आणि कॅप दिरानेच बसवलेली. वर्षभरात ती किती वेळा निघाली, हे मोजणं वहिनींनी केव्हाच सोडलं होतं. आत दात उरला होता तो तासलेल्या पेन्सिलीसारखा, आणि आता तो किडूही लागला होता.

“आजच्या दिवस तोंड मिटून बस,” नवरा कानाशी पुटपुटला.

“आणि उद्या?”

“उद्या तो पुन्हा चिकटवेल. घरात डॉक्टर असताना तूच बाहेर गेलीस, तर लोक त्याच्याकडे कशाला येतील?”

तेवढ्यात सासूबाईंनी पाहिलंच. “पुन्हा पाडलीस? अगं, एवढी महागाची वस्तू, जरा जपून वापरावी!”

माना वळल्या. दीर हसत पुढे आला. हसण्यात तो पहिल्यापासून हुशार. जुना दवाखानाही त्या हसण्यावरच तर चालला होता.

“वहिनी झोपेत दात खातात,” त्याने पाहुण्यांना सांगितलं.

“मागच्या खेपेला म्हणालात, सफरचंद खाते. त्याआधी म्हणालात, फार बोलते,” वहिनी म्हणाल्या. “भावजी, तुम्ही दात टोकाकडे निमुळता घासलाय. कॅपने पकड घ्यायची तरी कशावर?”

“वहिनी कॉलेजात फिजिक्स शिकवतात,” एखाद्या आजाराचं नाव सांगावं तसं दिराने सांगितलं. “थांबा, दाखवतोच.”

काचेच्या कपाटात त्याने आपल्या कामाचे नमुने मांडले होते. त्यातून त्याने वहिनींच्या वरच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढला, घासलेल्या दातासकट. दात वर येतील असा तो टेबलावर ठेवला आणि वहिनींच्या हातातली कॅप घेऊन त्या दातावर बसवली. तंतोतंत बसली. फट नाही, डगमग नाही. कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं.

“पाहिलंत? सिमेंट न लावताही घट्ट. आमचं काम चोख आहे. दोष असलाच तर तोंडात आहे.”

वहिनींनी वाकून साचा निरखला. कॅप खरोखरच सुबक होती.

“भावजी, दात वरचा आहे.”

“मग?”

“मी काही डोक्यावर उभी राहून जेवत नाही. साचा उलटा धरा.”

त्याने धरला, हसू तसंच ठेवून. कॅप सुटली, फरशीवर टक् करून आपटली आणि घरंगळत नव्या खुर्चीखाली गेली.

दीर नव्या कोटासकट गुडघ्यांवर बसला आणि खुर्चीखाली हात घालून चाचपू लागला. “वहिनी, दोनच मिनिटं,” त्याचा आवाज खालून आला. “या खेपेला सिमेंट जरा जास्त लावतो.”

वहिनींनी केकची बशी त्या चकचकीत खुर्चीच्या हातावर ठेवली आणि पर्स उचलली.

“अगं, कुठे निघालीस?” नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं.

“दातांच्या डॉक्टरकडे.”