अबोलीचा प्रबंध

“अबोली, घाबरू नकोस हं. मी दाराबाहेरच आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला.

अबोली हसली आणि आत गेली. आत परीक्षक बसले होते. दार लागलं.

काकू बाकावर टेकल्या. शेजारी काका, आणि त्यांच्या पलीकडे संस्थेचे चिटणीस. डोंगरातल्या आदिवासी मुलींना उच्च शिक्षणासाठी मदत करणारा निधी काकूंच्या हट्टामुळे सुरू झाला होता. पण पहिली मुलगी वर्षभरात घरी परतली आणि दुसरीने मध्येच लग्न उरकलं. मग चिटणीसांनी सांगून टाकलं होतं, की अबोलीला डॉक्टरेट मिळाली तर निधी चालेल, नाहीतर कुलूप. वस्तीवरच्या आणखी काही मुली या निकालाकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांत अबोलीची धाकटी बहीणही होती.

“पालथ्या घड्यावर पाणी,” काका पुटपुटले. “इतकी वर्षं घरी येतेय, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ.”

“म्हणून तर मी तिला अबोली म्हणते,” काकू म्हणाल्या. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं.

दर रविवारी ती चहाला यायची. पाहुणे असले की काकू तिला पुढे बसवत. “तुमच्यात लग्न कसं लागतं ते सांग गं यांना. आणि तो नाच, तोही दाखव की!” अबोली दोन वाक्यांत सांगायची आणि कप विसळायला उठायची.

शिकायची मात्र तिला दांडगी हौस. जुने स्वेटर देताना त्यांना इस्त्री का करायची? पाहुण्यांना सन्मानचिन्हांचं कपाट आधी का दाखवायचं? फोटोत देणाऱ्याने कुठे उभं राहायचं आणि घेणाऱ्याने कुठे? काकू सगळं बैजवार समजावून सांगत. पोरीला पुढे चार लोकांत वावरायचं होतं, रीतभात नको कळायला?

काकू आजारी पडल्या तेव्हा तर ती त्यांच्या उशापासून हलली नव्हती. भेटायला कोण आलं, कोणी काय आणलं, कोण नुसतंच डोकावून गेलं, सगळं तिच्या लक्षात. सख्खी लेक तरी एवढं करेल का, असं काकू जो भेटेल त्याला सांगत. त्यांचा तिच्यावर खरोखर जीव होता.

प्रबंध चालीरीतींवर आहे, एवढं काकूंना ठाऊक होतं. “वाचून दाखवू का?” असं अबोलीने एकदा विचारलंही होतं.

“अगं, मला त्या डोंगरातलं काय कळणार?” काकू म्हणाल्या होत्या. “तू पास हो म्हणजे मी गंगेत न्हाले.”

दार उघडलं आणि सगळ्यांना आत बोलावलं गेलं.

“अभिनंदन,” मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या. “पदवी द्यावी असं आमचं एकमत आहे.”

काकूंना रडूच कोसळलं. चिटणीस पुढे झाले. “निधी चालू राहील. वस्तीवरच्या त्या सगळ्या मुलींना घेऊ. इथे सगळ्यांसमोर शब्द देतो.” अबोलीने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला.

“मी जन्मभर हाच विषय शिकवला,” बाई सांगू लागल्या, “पण हे लोक बाहेरच्या माणसाला इतकं जवळ येऊ देतील असं वाटलं नव्हतं. कोणाला काय द्यायचं, देताना कोणी कुठे उभं राहायचं, आजाऱ्याकडे काय घेऊन जायचं... कुठे लिहिलेलं नाही, पण नियम अगदी कडक! आणि त्यांना स्वतःला याचा पत्ताही नाही.”

“बघा,” काकूंनी काकांना कोपर मारलं. “आणि तुम्ही त्यांना अडाणी म्हणता.”

“प्रबंधात नावगाव झाकलंयस, पण एकदा भेटायला हवं त्यांना,” बाई म्हणाल्या. “फार लांब राहतात का?”

“नाही, बाई,” अबोली म्हणाली. तिने काकूंचा हात हातात घेतला आणि त्यांना हलकेच पुढे आणलं. “या त्यांच्यातल्याच.”