पुसलेली ओळ

कुंदाच्या शेजारी बसलेल्या बाईंनी चुकून ऑनलाइन ज्ञानकोशातलं अख्खं पान पुसलं आणि त्या रडकुंडीला आल्या.

"घाबरू नका," त्यात लिहायला शिकवायला आलेल्या देवयानीताई म्हणाल्या. "इथे काहीच कायमचं जात नाही. 'इतिहास' उघडला की पुसलेलंही सापडतं, लिहिणाऱ्याच्या नावासकट."

पान परत आलं. वाचनालयात जमलेल्या बायकांनी हुश्श केलं. कुंदाला मात्र स्वतःची कालची ओळ आठवली.

काल घरी सराव करताना तिने आपल्या गावाच्या पानावर लिहिलं होतं, की कारखान्याच्या सांडपाण्याने तळ्यातले मासे मेले. नवरा त्याच कारखान्यात कामाला. भानावर येताच तिने ओळ पुसली, तेव्हा कुठे तिला झोप लागली.

आता तिने 'इतिहास' उघडला. ओळ जशीच्या तशी होती आणि शेजारी तिचं नाव, आडनावासकट.

देवयानीताईंनी मागून वाचलं. "असं लिहिताना संदर्भ लागतो."

"पेपरात आलं होतं," कुंदा कसंबसं बोलली. "नाव तर लागलंच आहे. आता संदर्भ कसा जोडायचा, तेवढं शिकवा."