लोखंडी प्रमोदिनी

एकोणनव्वद साली माझी बायको प्रमोदिनी वारली. लंडनच्या ईलिंग भागातली आमची शेजारीण गिझेला जर्मन शिल्पकार, ओतीव लोखंडात काम करायची. तिने प्रमोदिनीचं पदक करून दिलं. एका बाजूला चेहरा, दुसरी बाजू कोरी. मी ते चहाच्या डब्याशेजारी ठेवलं.

मार्चमध्ये मी प्रमोदिनीचा तपकिरी कोट चॅरिटी शॉपला देऊन टाकला. दुसऱ्या सकाळी पदकावर चेहरा नव्हता, अंबाडा होता. उलटून पाहिलं, तिथेही अंबाडाच.

गिझेलाने भिंग लावून पाहिलं. "हा मी केलेला नाही. तुमच्या बायकोला मी पाठमोरी कधी पाहिलंच नाही."

"मी पाहिलंय," मी म्हणालो. "रुसली की अशीच बसायची."

"मग लोखंड माझं, मिस्टर पोतनीस, पण भांडण तुमचं."

मला तो चेहरा परत हवा होता. दुकानातून कोट परत आणला, दाराजवळच्या खुंटीला लावला आणि पदकाला म्हणालो, "अगं, चुकलो. आता तरी बघ इकडे."

चहा गाळून वळलो, तर पदकाच्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. खुंटीवर कोट नव्हता.

बाहेर पाऊस लागला होता, आणि छत्री ती नेहमीसारखी विसरली होती.